दुसऱ्या वळणापुढची मोजणी

आठशे आकडे मी घरी बसून लिहिले होते. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, बंगळूरला ज्या मित्राबरोबर एका खोलीत चार वर्षं काढली त्याच्याजवळही नाही. आई-वडील गेले, त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आता माझी पन्नाशी उलटली आहे, आणि ज्यांच्या हातात मी ते आकडे खरे म्हणून ठेवले ते गृहस्थ अजून बडोद्यात आहेत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे. मधे मधे मी येईन, त्याला इलाज नाही.

आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. कॉलेजात वायरलेस शिकवायचे. नव्वदीची शेवटची वर्षं होती. बडोद्यात मोबाइल नुकते आले होते. आलेल्या फोनलाही पैसे पडत, आणि ज्याच्याकडे तो असे तो माणूस जेवताना ताटाशेजारी उभा करून ठेवी. सरांकडे मोबाइल नव्हता. दिवसभर मोबाइलच्या लहरींमागे हिंडणाऱ्या माणसाकडे तो का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तळणारा खात नाही, भाई. तेल कुठलं आहे ते त्याला माहीत असतं."

उंच होते, खांद्यात वाकलेले. शर्टाच्या खिशात पेन एक, आणि सायकलच्या आऱ्यांचे कापलेले तुकडे पाच-सहा. ते तुकडे म्हणजे त्यांच्या अँटेना. बोटाच्या दीड पेराएवढा आरा कापला की पुढच्या पिढीच्या मोबाइलच्या लहरी पकडायला पुरतो, हे त्यांनी पहिल्याच तासाला करून दाखवलं होतं. रिसीव्हर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. लोक स्कूटरवर पायांपाशी भाजीची पिशवी ठेवतात तिथे यांचा तो डबा असायचा, आणि डब्यावर घरातल्या जुन्या सोवळ्याचा तुकडा गुंडाळलेला, धूळ लागू नये म्हणून. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यावरून त्यांना बोलायच्या. "देवाला नाही एवढं सोवळं त्या डब्याला." सर म्हणायचे, "देव चुकत नाही ने. डबा चुकतो."

शहरात कुठेही ते अचानक थांबायचे. डबा ओट्यावर ठेवायचे, आऱ्याचा तुकडा लावायचे, काट्याकडे बघून वहीत एक आकडा लिहायचे. मग डबा चार बोटं पुढे सरकवायचे. पुन्हा आकडा. पुन्हा चार बोटं. चार बोटांवर सिग्नल पडतो आणि पुढच्या चार बोटांवर उठतो, त्यामुळे एका जागी एकच आकडा घेणं म्हणजे नदीत एकदा काठी घालून खोली सांगण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. एका जागेला वीस आकडे. बघणाऱ्याला वाटायचं, या माणसाचं काही हरवलं आहे. मांडवीजवळचा एक कापडवाला रोज विचारायचा, "साहेब, शुं खोवाई गयुं?" सर मान वर न करता सांगायचे, "खोवायुं नथी, भाई. अहीं सुधी आव्युं के नहीं ए जोउं छुं." हरवलं नाही, इथवर पोचलं का ते बघतोय, एवढंच.

सेव-उसळीच्या गाडीवर त्यांची भाषा तीच. "तिखट तीन डीबी वाढव." तीन डेसिबल वाढले की दुप्पट होतं, हे त्या गाडीवाल्याला आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या आधी समजलं होतं. तो तरीचे दोन डाव जास्त घालायचा आणि आमच्याकडे बघून म्हणायचा, "आ लोको ने केटला?" सर म्हणायचे, "यांना कमी. यांची परीक्षा आहे."

मला ते 'मास्तर' म्हणायचे. नाव लाडाचं नव्हतं. उत्तर येत नसताना जो ठामपणे बोलतो तो मास्तर, अशी त्यांची व्याख्या होती, आणि पहिल्या तोंडी परीक्षेत मी तसा बोललो होतो. पुढे ते नाव लाडाचं झालं. व्याख्या मात्र बदलली नाही, एवढंच मी इथे नोंदवतो.

त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या जमीन मोजणीत उमेदवारीपासून पेन्शनपर्यंत नोकरी केली होती. साखळी, काठ्या, उन्हातान्हातलं काम. त्या आजोबांची एक पद्धत सर नेहमी सांगायचे. वादाचं शेत असलं की दोन मोजणीदार दोन विरुद्ध कोपऱ्यांतून सुरुवात करत. दिवसभर एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या वहीत बघायचं नाही. संध्याकाळी दोन्ही वह्या एका घोंगडीवर उघडायच्या. जुळल्या तर शेत मोजलं गेलं. नाही जुळल्या तर कुणाचंही बरोबर नाही. सरांनी ती पद्धत तशीच्या तशी उचलली होती. स्वतः काही मोजलं की दुसऱ्या कुणाकडून ते पुन्हा मोजून घ्यायचे, आणि आपल्याला काय मिळालं ते त्याला सांगायचे नाहीत. भुवईनेसुद्धा नाही.

"आकडा हा पाहुणा आहे, मास्तर," ते म्हणायचे. "आला तसा आत घ्यायचा. दारात कपडे बदलायला लावायचे नाहीत."

आणि त्यांचा तो फळा. त्यांच्या खोलीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, एक हातभर काळा फळा होता. त्यावर वर रंगाने लिहिलेलं 'आमच्या चुका'. खाली खडूने तारीख, चूक, सही. 'काल तिसऱ्या वर्षाला गुणाकाराच्या जागी भागाकार केला.' 'केबल उलटी जोडून तीन दिवस यंत्राला दोष दिला.' इतर प्राध्यापकांना त्या फळ्याचा राग यायचा. गुजरातीत मयताच्या घरी भेटायला बसतात त्या बैठकीला बेसणुं म्हणतात आणि त्याची वेळ वर्तमानपत्रात छापून येते. पोरांनी त्या फळ्याचं नाव 'बेसण्याचा फळा' ठेवलं होतं. सरांना ते कळलं तेव्हा खुश झाले. म्हणाले, "बरोबर आहे. चूक मेली हे लोकांना कळायला नको?"

त्या फळ्यावरची त्यांची शेवटची नोंद मी वाचली तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. अक्षर त्यांचं होतं, सही त्यांची होती. चूक माझी होती.

ती कशी ते आता सांगतो.

तेव्हा जगभर मोबाइलच्या पुढच्या, तिसऱ्या पिढीचं संशोधन चाललं होतं. सगळ्यांचं गणित उंच मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या लहरींचं. रुंद रस्ते, सरळ इमारती. सरांचं म्हणणं असं की पुढे माणसं इतकी बोलतील की मनोरा पुरणार नाही. लहान लहान केंद्रं दिव्याच्या खांबाएवढ्या उंचीवर गल्ल्यांत आणावी लागतील. मग गल्लीत लहर कशी चालते हे कुणी मोजलंय का? आपल्या गल्लीत? पुस्तकातलं सूत्र सांगत होतं की अरुंद गल्लीत पहिल्या वळणाला सिग्नल निम्माशिम्मा मरतो आणि दुसऱ्या वळणानंतर संपतो. सरांचा त्यावर विश्वास नव्हता, पण अविश्वासही नव्हता. "मोजू," एवढंच म्हणायचे.

दिल्लीला दीड वर्ष पत्रं लिहून त्यांनी त्या लहरींवर एक लहानसा ट्रान्समीटर चालवायचा परवाना मिळवला. रावपुऱ्यामागच्या एका गल्लीत ओळखीच्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत तो बसवला. तिथून फुटणाऱ्या सहा गल्ल्या निवडल्या. प्रत्येक गल्लीत आठ जागा, भिंतीवर खडूची फुली. प्रत्येक जागी वीस आकडे. जानेवारीत त्यांनी एकट्याने सगळं मोजलं आणि वही कपाटात कुलपात ठेवली. मेमध्ये तेच सगळं मी मोजायचं ठरलं. मी त्यांच्या हाताखाली एम.ई. करत होतो.

त्याच मेमध्ये मी अलकापुरीत संगणकाचा एक क्लास लावला होता. सन दोन हजार आलं की जुने संगणक गोंधळतील म्हणून अमेरिकेला माणसं हवी होती, आणि तो क्लास केलेली पोरं विमानात बसत होती. वडील त्या वर्षी निवृत्त होणार होते. सरांना मी क्लासबद्दल सांगितलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही.

पहिली गल्ली मी मोजली. खरोखर मोजली. दोन दिवस लागले, डोकं तापून उलटी झाली. ती गल्ली सरळ होती, तिला वळण नव्हतं. घरी येऊन सूत्राने काढलेले आकडे शेजारी मांडले, तर माझे आकडे जवळजवळ तेच. मला वाटलं, सूत्र बरोबर आहे तर उन्हात कशाला जायचं. उरलेल्या पाच गल्ल्यांचे आकडे मी सूत्राने काढले. पण नुसत्या सूत्राचे आकडे फार गुळगुळीत दिसतात, खरा आकडा थोडा इकडेतिकडे पडतो. तेवढी अक्कल सरांनीच दिली होती. म्हणून मी घरातली टेलिफोन डिरेक्टरी काढली आणि नंबरांचे शेवटचे आकडे ओळीने घेऊन त्याप्रमाणे प्रत्येक आकडा थोडा वर-खाली केला. दोन सकाळीत काम झालं. आईने विचारलं, कुणाला फोन करायचाय का एवढे. मी म्हटलं, कॉलेजचं काम आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांच्या घरी वह्या उघडल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी खरंच एक घोंगडी अंथरली होती. काकूंनी रस केला होता, वाटीत ओतायच्या तयारीत त्या शेजारी उभ्या होत्या. सर म्हणाले, "आधी वही, मग वाटी."

आकडे उण्यात असतात. उणे जितकं मोठं तितका सिग्नल मेलेला. पहिली गल्ली वाचली, प्रत्येक फुलीच्या वीस आकड्यांची सरासरी. सरांचा एक आकडा, माझा एक. कुठे एकाचा फरक, कुठे दोनाचा. सरांचा चेहरा खुलत गेला. शेवटच्या फुलीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. हात स्थिर आहे."

मग दुसरी गल्ली. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. वळणापुढे अंतर पडायला लागलं. दुसऱ्या वळणापुढच्या फुलीला सर थांबले.

"माझे उणे एक्याऐंशी."

मी वहीत बघत राहिलो.

"तुझे?"

"उणे एकशे चार."

रसाचं पातेलं तसंच राहिलं. तेवीसचा फरक हा फरक नसतो. त्यांच्या मोजणीत तिथे माणूस फोनवर बोलू शकत होता. माझ्या मोजणीत तिथे काहीच पोचत नव्हतं. तिसऱ्या गल्लीत तसंच, चौथीत तसंच. त्या क्षणी मला कळलं की जानेवारीत त्यांना काहीतरी सापडलं होतं, जे पुस्तकात नव्हतं, आणि ते मला एका शब्दाने कळू न देता चार महिने थांबले होते. आजोबांची पद्धत.

तोवर माझा अपराध आळसाचा होता. तिथे, त्या टेबलाशी, तो सांगून टाकता आला असता. सर ओरडले असते, दुसऱ्या दिवशी मला डबा देऊन गल्लीत उभं केलं असतं.

सर म्हणाले, "तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या वळणापुढे, डबा कुठे ठेवला होतास? नीट आठव."

मी म्हणालो, "डाव्या हाताच्या ओट्यावर, सर. तिथे एक आजी वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांना सरकायला सांगून ठेवला."

"मेमध्ये वाटाणे?" काकू म्हणाल्या.

"तुरी असतील, काकू. मी नीट बघितलं नाही."

मेमध्ये ओल्या तुरीही नसतात. काकू वाट्या भरायला लागल्या. सरांचं भाजीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं, 'डावा ओटा'. मग माझी पानं कितीतरी वेळ उलटसुलट बघितली, आकडे कसे पसरले आहेत ते तपासलं. शेवटी म्हणाले, "यात हात दिसतो. असा पसारा कुणाला घरी बसून जमणार नाही." ते मला चिमटा म्हणून बोलले नव्हते. त्यांच्या डोक्यात दुसरी शक्यताच नव्हती. पहिली गल्ली जुळली होती ना. ती एक खरी गल्ली बाकीच्या पाचांना जामीन राहिली.

पुन्हा मोजता आलं नसतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. परवाना मेअखेर संपला होता. विभागप्रमुख म्हणाले, "अरे साहेब, दहा मिनिटं लावा. कोण बघायला येणार आहे?" सर म्हणाले, "मी येणार ना." नव्या परवान्याला आणखी दीड वर्ष. आणि ऑगस्टमध्ये बंगळूरच्या परिषदेत त्यांचा निबंध स्वीकारलेला होता, जानेवारीच्या मोजणीवरचा. माझी वही जुळेल या भरवशावर तो आधी पाठवला होता. पद्धतीला त्यांनी आयुष्यात घातलेली ती एकच मुरड, आणि तिची त्यांना लाज वाटत होती. त्या निबंधावर त्यांची प्रोफेसरकी ठरणार होती आणि दिल्लीहून मोठ्या मोजणीसाठी मदत यायची होती. मला हे सगळं माहीत होतं.

आठ दिवस त्यांनी स्वतःची चूक शोधली. डबा उघडला, सोल्डर तपासले, जानेवारीच्या थंडीत बॅटरी किती होती ते काढलं, आपण उंच आहोत म्हणून आपल्याच अंगावरून लहर परतली असेल का, तेही गणित केलं. चूक सापडेना, कारण ती नव्हतीच. नवव्या दिवशी निबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. मला स्कूटरवर मागे बसवून रावपुऱ्याच्या पोस्टात नेलं. पेटीशी उभं राहून पत्र माझ्या हातात दिलं.

"टाक. तुझा मान आहे," म्हणाले. "चारशे लोकांपुढे खोटं बोललो असतो. तू वाचवलंस."

मी टाकलं.

परत येऊन त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं: 'जानेवारीची सर्व मोजणी चुकीची. कारण सापडले नाही. निष्कर्ष मागे घेतला आहे.' विभागप्रमुख जाता जाता थांबले, वाचलं आणि हसून म्हणाले, "साहेब, आ तो तमे पोतानुं ज बेसणुं राख्युं." म्हणजे, स्वतःचंच बेसणुं ठेवलंत की. सर हातावरचा खडू झटकत म्हणाले, "हा. आवजो. चार थी छ." या, चार ते सहा. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते, पत्र टाकण्यापेक्षाही.

प्रोफेसरकी दुसऱ्याला गेली. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. पण त्यापुढे मी कॉलेजात होतो तेवढ्या सहा महिन्यांत एक गोष्ट पाहिली, ती मी कुणा दुसऱ्याच्या बाबतीत पाहिली असती तरी झोप उडाली असती. प्रयोगशाळेत साधा मीटर वाचायचा असला तरी ते कुणातरी पोराला बोलवायचे. "तू बघ रे. माझ्या वाचण्याचं काही खरं नाही." पोराने आकडा सांगितला की मग लिहायचे. पहिल्यांदा मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. स्कूटरवर डबा दिसेनासा झाला. मांडवीच्या कापडवाल्याने एकदा मला थांबवून विचारलं, साहेबांना ते मिळालं का, जे शोधत होते? मी मान हलवली. हो की नाही, ते त्याच्यावर सोडलं.

माझं शिक्षण संपलं तेव्हा सरांनी मला शिफारसपत्र दिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'या विद्यार्थ्याच्या मोजणीवर मी माझ्या मोजणीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो.' अमेरिकेचं विमान राहिलं, त्या पत्रावर मला बंगळूरला एका मोबाइल कंपनीच्या संशोधन विभागात घेतलं. मुलाखतीला बसलेल्या गृहस्थांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले की असं कुणी लिहीत नाही.

चार-पाच वर्षांनी कंपनीने अहमदाबादच्या जुन्या वस्तीत चाचणी ठेवली. यंत्रं भरलेली गाडी मोठ्या रस्त्यावर उभी, आणि आम्ही पाठीवर पेटी घेऊन गल्लीत. पहिलं वळण, दुसरं वळण. माझ्याबरोबरचा तेलुगू पोरगा पडद्याकडे बघून म्हणाला, "सर, ये तो अभी जिंदा है." मी पाहिलं. उणे ब्याऐंशी. वर समोरासमोरच्या घरांचे पत्र्याचे छज्जे एकमेकांना टेकायला आलेले होते आणि त्यांच्यामधून लहर उड्या मारत येत होती. सरांनी जानेवारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने नेमकं हेच लिहिलेलं मी त्या घोंगडीवर वाचलं होतं: 'पत्रे?' एवढाच शब्द आणि प्रश्नचिन्ह.

त्या चाचणीचा अहवाल मी लिहिला. पत्र्यांचं स्पष्टीकरण त्यात घातलं. प्रश्नचिन्ह काढलं. सरांचं नाव घातलं नाही, कारण ते घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की मग त्यांनी ते छापलं का नाही. मला बढती मिळाली. गल्लीतल्या लहान केंद्रांचा माणूस म्हणून कंपनीत मला ओळखू लागले.

त्या दिवाळीत मी बडोद्याला गेलो ते सांगायचं ठरवूनच. सर निवृत्त होऊन शहराच्या टोकाला, छाणीला लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. आत सर शेजारच्या एका कॉलेजकुमारीला काहीतरी शिकवत होते. मला पाहून उठले, तिला म्हणाले, "बघ, हाच तो. मी सांगितलं ने तुला, ज्याने माझी चूक पकडली." आणि मग माझ्यासमोर त्यांनी तिला ती सगळी गोष्ट सांगितली. घोंगडी, दोन वह्या, एक्याऐंशी आणि एकशे चार. रंगवून सांगितली, ती हसली. स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज फार छान लागायचा. "माणसाने एकदा तरी मोठी चूक करावी," तिला म्हणाले, "आणि ती दुसऱ्याने दाखवावी. त्याशिवाय मोजणी समजत नाही."

ती गेल्यावर मी सुरुवात केली. "सर, ती जानेवारीची मोजणी..."

"अरे, सोड ने आता. मी केव्हाच माफ केलं."

मी विचारलं, "कुणाला, सर?"

"मलाच की. दुसरं कोण होतं त्यात?"

मी चिवडा खाल्ला. कंपनीबद्दल बोललो. त्यांनी अहमदाबादचं विचारलं नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. चपला घालून होईस्तोवर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला काही बोलायचं होतं का रे?"

"नाही काकू. असंच आलो होतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "ये पुन्हा. ते वाट बघतात तुझी."

त्यानंतर मी नऊ वेळा बडोद्याला गेलो. त्यातल्या सात वेळा छाणीला गेलो. दर वेळी चिवडा, कंपनी, तब्येत. एकदा तर ते स्वतः म्हणाले, हल्ली गल्लीगल्लीत लहान खांब बसवताहेत म्हणे, सिग्नल पोचतो म्हणे तिथे? मी म्हणालो, "आता यंत्रं सुधारलीत, सर." ते म्हणाले, "असेल."   तेही खोटं मी त्याच ठाम आवाजात बोललो होतो, ज्यावरून त्यांनी मला नाव दिलं होतं.

आता सरांना काचबिंदूमुळे दिसत नाही. ऐकू मात्र उत्तम येतं. दुपारी जेवणं झाली की काकू त्यांना मासिकं वाचून दाखवतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातीसकट, कारण मधलं काही गाळलेलं त्यांना चालत नाही. हे ज्या मासिकाला मी पाठवतो आहे ते त्यांच्याकडे येतं. म्हणजे हे त्यांच्यापर्यंत पोचेल, काकूंच्या आवाजात. आठशे आकडे, डिरेक्टरी, पोस्टाची पेटी, सगळं काकूंना वाचावं लागेल. मला सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून ते काम मी एका म्हाताऱ्या बाईवर टाकतो आहे, हे मला कळतं. छापून आणल्याने माझं सांगणं झालं असंही मी धरत नाही.

सर, तुमची जानेवारीची मोजणी बरोबर होती. चूक माझी होती. हे मी तुमच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने, तुम्हाला सांगणं लागतो. ते अजून राहिलं आहे.